सांभाळणाऱ्याची बदली कोण करणार? मणिबेलीतून पाहिलेली 'रेस्पाइट केअर'

महाराष्ट्रातल्या विधानसभा मतदारसंघांची यादी अक्कलकुव्यापासून सुरू होते आणि राज्यातलं पहिलं मतदान केंद्र म्हणून नंदुरबार जिल्ह्यातल्या मणिबेलीचं नाव घेतलं जातं. दर निवडणुकीत तुम्ही तो फोटो पाहिला असेल. मतदान यंत्रं घेऊन बोटीत बसलेले कर्मचारी, आजूबाजूला सरदार सरोवराचं पाणी, मागे सातपुड्याचे डोंगर. एका मतासाठीही यंत्रणा पाण्यातून पोहोचते, याचं कौतुक होतं आणि ते योग्यच आहे.

आता याच गावातल्या एका घराची कल्पना करा. सासूला लकवा मारला आहे. तिला उठवणं, धुणं-पुसणं, भरवणं, रात्री कूस बदलून देणं, हे सगळं सुनेकडे आहे. सुनेचा भाऊ वारला तर ती चार दिवस माहेरी जाऊ शकेल का? तिला स्वतःला ताप आला तर? या प्रश्नाचं उत्तर शोधणाऱ्या व्यवस्थेला जगभर 'रेस्पाइट केअर' म्हणतात. आपल्याकडे हा शब्द सोशल मीडियावर बहुतेक वेळा पुण्या-मुंबईतल्या डिमेन्शियाच्या किंवा कॅन्सरच्या रुग्णांच्या संदर्भात येतो. मणिबेलीपासून सुरुवात केली तर तो वेगळाच दिसतो.

रेस्पाइट केअर म्हणजे काय?

घरातल्या आजारी, दिव्यांग किंवा वृद्ध माणसाची कायमची देखभाल करणाऱ्याला ठरावीक काळासाठी सुटका मिळावी म्हणून केलेली पर्यायी सोय. ही सोय तीन प्रकारची असते. कुणीतरी घरी येऊन काही तास रुग्णाजवळ बसतं. रुग्ण दिवसभरासाठी एखाद्या केंद्रात जातो. किंवा काही दिवस, काही आठवडे तो एखाद्या संस्थेत राहतो आणि मग घरी परततो.

यात उपचार होत नाहीत आणि रुग्ण बराही होत नाही. फायदा होतो तो सांभाळणाऱ्याचा, आणि त्याच्यामार्फत रुग्णाचा. म्हणूनच सरकारी कागदांत ही सेवा सहज बसत नाही. आरोग्य विभाग रुग्ण मोजतो, समाजकल्याण विभाग लाभार्थी मोजतो. सांभाळणारी बाई या दोन्हींपैकी काहीच नसते.

मराठीत याला नेमका शब्द नाही, पण कल्पना परकी नाही. मुंबईच्या गिरण्यांमध्ये 'बदली कामगार' असायचे. कायम कामगार रजेवर गेला की त्याच्या जागी उभा राहणारा माणूस. रेस्पाइट म्हणजे घरातल्या देखभालीतली बदली. दुसरा शब्द माहेरपण. लेक दिवाळीला, पंचमीला, बाळंतपणाला माहेरी येते तेव्हा तिला कुणी कामाला हात लावू देत नाही. वर्षातले ते काही दिवस म्हणजे आपल्या समाजाने बाईला मान्य केलेली रजा होती. मात्र तिला एक अट होती. मागे सासरी सगळं सांभाळणारं दुसरं कुणीतरी असलं पाहिजे. घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस आलं की पहिल्यांदा बंद होतं ते माहेरपण.

काम कोण करतं, किती करतं?

राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०२४ च्या वेळ-वापर पाहणीचे आकडे फेब्रुवारी २०२५ मध्ये जाहीर केले. १५ ते ५९ वयोगटातल्या ४१ टक्के स्त्रिया घरातल्या कुणाची ना कुणाची विनामोबदला देखभाल करतात, पुरुषांमध्ये हे प्रमाण २१.४ टक्के. अशा स्त्रिया या कामाला दिवसाला सरासरी १४० मिनिटं देतात, पुरुष ७४ मिनिटं. या आकड्यांत लहान मुलांना सांभाळणंही आलं, आणि स्वयंपाक, पाणी, झाडलोट हे सगळं त्याहून वेगळं मोजलं आहे.

सरासरीत एक गोष्ट दडून जाते. अर्धांगवायू झालेल्या माणसाची देखभाल १४० मिनिटांत आटोपत नाही. ती दिवसभर विखुरलेली असते आणि रात्री झोप तोडते. प्रत्यक्ष कामापेक्षा 'मी इथून हलू शकत नाही' ही स्थिती माणसाला जास्त दमवते. अमेरिकेत १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका गाजलेल्या अभ्यासात आजारी जोडीदाराची देखभाल करणाऱ्या वृद्धांचा चार वर्षं मागोवा घेतला गेला. देखभालीचा ताण जाणवत असलेल्यांमध्ये मृत्यूचा धोका, अशी देखभाल करावी न लागणाऱ्यांच्या तुलनेत, ६३ टक्के अधिक आढळला.

मग रेस्पाइट दिल्याने हा धोका कमी होतो का? इथे जरा थांबायला हवं, कारण या विषयावरचे बरेच लेख या टप्प्यावर फार उत्साही होतात. डिमेन्शियाच्या रुग्णांच्या कुटुंबीयांसाठीच्या रेस्पाइटचे प्रयोग तपासणाऱ्या २०१४ च्या कॉक्रेन आढाव्याला ठाम फायदा सिद्ध करणारा पुरावा सापडला नाही. अभ्यास थोडे, छोटे आणि कमी कालावधीचे होते. सेवा निरुपयोगी आहे, असा याचा अर्थ होत नाही. आठवड्यातून दोन तास अनोळखी माणूस येऊन बसल्याने आयुष्य बदलत नाही, एवढाच तो निघतो, आणि त्यात आश्चर्य नाही. विश्वासातलं माणूस हवं, वेळ पुरेसा हवा, आणि तो वेळ सांभाळणाऱ्याच्या गरजेनुसार मिळायला हवा. नाहीतर त्या दोन तासांत ती बाई फक्त पाणी भरून येते.

मणिबेलीत हे अधिक कठीण का?

मणिबेली हे सरदार सरोवराच्या पाण्याखाली गेलेल्या महाराष्ट्रातल्या ३३ गावांपैकी धरणाला सगळ्यात जवळचं. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीलाच इथे पाणी शिरलं. गावाजवळचं शूलपाणेश्वराचं प्राचीन मंदिर बुडालं. १९९४ मध्ये जगभरातल्या शेकडो संघटनांनी मोठ्या धरणांना जागतिक बँकेने पैसा देऊ नये अशी मागणी करणारा जाहीरनामा काढला, त्याला 'मणिबेली जाहीरनामा' असंच नाव मिळालं. पुढे धरणाची उंची १३८.६८ मीटरपर्यंत गेली आणि सप्टेंबर २०१७ मध्ये लोकार्पण झालं.

या इतिहासाचा रेस्पाइटशी काय संबंध? फार जवळचा. विस्थापनाची चर्चा जमिनीच्या आणि घरांच्या मोजमापात होते. पण गाव फुटतं तेव्हा बदलीची माणसंही फुटतात. मणिबेलीची काही कुटुंबं गुजरातमधल्या परवेटा वसाहतीत गेली आणि काही डोंगरातच वर सरकून राहिली. महाराष्ट्रातल्या इतर बुडित गावांचे लोक तळोदा तालुक्यात सोमावळसारख्या ठिकाणी वसवले गेले. भावाचं घर शेजारच्या पाड्यावर असणं आणि राज्याच्या सीमेपलीकडे असणं यात देखभालीच्या दृष्टीने जमीन-अस्मानाचा फरक आहे. 'आदिवासी समाजात सगळे एकमेकांना धरून असतात, तिथे अशा सेवांची काय गरज' असं म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. धरून असलेला समाजच आपण तीन ठिकाणी विभागला.

दुसरी अडचण अंतराची. नर्मदेकाठच्या या पाड्यांवर पावसाळ्यात रस्ता नावालाच असतो. रुग्णाला बांबूला बांधलेल्या झोळीतून न्यायचं, मग होडी किंवा बार्ज, मग मिळालं तर वाहन. वर्तमानपत्रांनी या झोळीला 'बांबूलन्स' असं नाव दिलं आहे. शब्द चटकदार आहे, पण झोळी वाहणाऱ्यांचा तो दिवस बुडतो, हे त्यात येत नाही. काठावरच्या गावांसाठी आरोग्य विभागाचा तरंगता दवाखाना आहे. २०२० च्या करोना काळात चिमलखेडीच्या अंगणवाडी सेविका रेलू वसावे स्वतः होडी वल्हवत अलीगाट आणि दादर या पाड्यांवरच्या गरोदर बायांपर्यंत आणि बाळांपर्यंत जात होत्या. जाऊन-येऊन सुमारे १८ किलोमीटर वल्हवणं. त्यांची बातमी देशभर गाजली. यंत्रणा पोहोचू शकते, हे त्यातून दिसलं. ती एका बाईच्या दंडांवर अवलंबून होती, हेही दिसलं.

अशा ठिकाणी 'रुग्णाला पंधरा दिवस केंद्रात ठेवा' हा शहरी उपाय उलटा पडतो. नेण्या-आणण्यातच चार माणसांचे दोन दिवस जाणार असतील तर ती कसली सुटका?

'घरी दुसरी लेकरं आहेत'

रेस्पाइट हा शब्द न वापरता नंदुरबारमध्ये हा प्रश्न रोज समोर येतो, आणि तो कुपोषणाच्या निमित्ताने.

अतितीव्र कुपोषित बाळाला पोषण पुनर्वसन केंद्रात साधारण १४ दिवस ठेवावं लागतं. आईने सोबत राहायचं असतं. तिला जेवण मिळतं, आणि रोजची मजुरी बुडते म्हणून भरपाईही मिळते. सरकारी भाषेतला हा शब्द आहे 'बुडीत मजुरी'. मला हा शब्द फार महत्त्वाचा वाटतो. आजारी माणसाजवळ बसणं हे काम आहे, त्याने कुणाचं तरी उत्पन्न बुडतं आणि ते भरून देणं ही सरकारची जबाबदारी आहे, हे महाराष्ट्राने आदिवासी भागात फार पूर्वीच मान्य केलं आहे. शहरातल्या डिमेन्शियाच्या रुग्णांच्या कुटुंबांना हे अजून मिळालेलं नाही.

तरीही आया केंद्रात राहायला तयार होत नाहीत, किंवा चार-पाच दिवसांत बाळाला घेऊन निघून जातात. कर्मचारी चिडतात, 'समज नाही' असा शेरा मारला जातो. कारण विचारलं तर आदिवासी भागात कुठेही तेच ऐकू येतं: घरी दुसरी लेकरं आहेत, म्हातारी आहे, शेळ्या आहेत, निंदणी आली आहे. आईचं म्हणणं अडाणीपणाचं नाही, साध्या हिशोबाचं आहे. एका बाळासाठी १४ दिवस दिले तर बाकीच्यांचे १४ दिवस कोण देणार? बुडीत मजुरीने तिच्या पैशाचं नुकसान भरतं, तिच्या जागेवर माणूस उभं राहत नाही.

माहेरघर योजनेचंही तसंच. दुर्गम भागातल्या गरोदर बाईने प्रसूतीच्या काही दिवस आधीच आरोग्य केंद्राजवळ येऊन राहावं, ही कल्पना उत्तम. नावही अगदी नेमकं. पण माहेरी जाणाऱ्या बाईमागे घर कोण बघणार, हा जुनाच प्रश्न इथेही तिच्या वाटेत येतो.

म्हणजे 'आरोग्यसेवा आहे पण लोक येत नाहीत' या तक्रारीचा एक मोठा भाग खरं तर रेस्पाइटच्या अभावाचा आहे. हा माझा निष्कर्ष आहे, कुठल्या पाहणीचा नाही. पण पुनर्वसन केंद्रातल्या रिकाम्या खाटांची कारणं शोधताना घरी मागे राहिलेल्यांची यादी काढून पाहायला काय हरकत आहे?

सिकलसेल आणि स्थलांतर

नंदुरबारच्या भिल्ल आणि पावरा समाजात सिकलसेलचं प्रमाण लक्षणीय आहे. १ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशातल्या शहडोलमधून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली आणि तपासण्या वाढल्या. रक्ताची चाचणी, कार्ड, हायड्रॉक्सियुरियाच्या गोळ्या, हे सगळं गरजेचं आहे. पण हा आजार आयुष्यभराचा आणि लहरी आहे. महिनाभर मूल धड असतं आणि एका रात्री हाडं फुटतील अशा कळा सुरू होतात. किती दिवस, सांगता येत नाही. त्या काळात आई किंवा आजी हलू शकत नाही.

त्यातच दिवाळीनंतर सातपुड्यातली कुटुंबं ऊसतोडीला आणि मजुरीला गुजरातेत उतरतात. प्रत्येक घरात तेव्हा एक निर्णय होतो: कोण जाणार, कोण मागे राहणार. ऊसतोडीचं काम जोडीने होतं, म्हणजे आई मागे राहिली तर जोडी मोडते आणि उचल मिळत नाही. आई गेली तर सिकलसेलचं मूल आजीकडे राहतं, आणि आजीलाच कुणीतरी बघावं अशी तिची अवस्था असते. किंवा मूल सोबत जातं, उसाच्या फडावर, दवाखान्याच्या कार्डापासून दूर. अनेकदा शाळेतून काढलेली दहा-बारा वर्षांची मोठी बहीणच घरातली 'बदली' ठरते. आपल्याकडचं सगळ्यात जास्त चालणारं रेस्पाइट मॉडेल हेच आहे, फक्त त्याला तसं कुणी म्हणत नाही.

कायद्यात काय आहे?

वाटतं त्यापेक्षा बरंच काही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने 'देखभाल करणाऱ्या'ची व्याख्याच केली आहे. पैसे घेऊन किंवा न घेता दिव्यांग व्यक्तीची काळजी घेणारी कुणीही व्यक्ती, आई-वडील आणि कुटुंबीय धरून. कलम २४ मध्ये जास्त आधाराची गरज असलेल्या दिव्यांगांसाठी देखभाल भत्त्याची तरतूद आहे. पण ती शासनाच्या आर्थिक क्षमतेच्या चौकटीत, आणि इथेच गाडी अडते. याच कायद्याच्या यादीत सिकलसेलचा समावेश दिव्यांगत्वात झाला आहे, हे अनेक पालकांना माहीत नसतं.

रेस्पाइटसाठी स्वतंत्र योजनाही आहे. १९९९ च्या कायद्याने स्थापन झालेल्या नॅशनल ट्रस्टची 'समर्थ' योजना नेमकी यासाठीच आहे: स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी तात्पुरत्या निवासाची सोय. दिवसा सांभाळणारी 'विकास', देखभाल करणाऱ्यांना प्रशिक्षण देणारी 'सहयोगी' अशा जोडीच्या योजना आहेत. पण हे सगळं नोंदणीकृत संस्थांमार्फत चालतं. जिथे संस्था, तिथे सोय. शिवाय सिकलसेल, लकवा, डिमेन्शिया या चार प्रकारांत बसत नाहीत. एका कायद्यात सिकलसेल दिव्यांगत्व आहे, आणि रेस्पाइट देणाऱ्या दुसऱ्या कायद्यात नाही.

वृद्धांसाठी २००७ चा आई-वडील व ज्येष्ठ नागरिक निर्वाह कायदा आहे. त्यात पालकांना सोडून देणाऱ्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड आहे. सोडून न देता रोज सांभाळणाऱ्याला कुठली मदत मिळेल, यावर कायदा गप्प आहे.

शहरात ही पोकळी बाजाराने भरली. पुण्या-मुंबईत ब्यूरोला फोन केला की बारा तासांची किंवा चोवीस तासांची मावशी मिळते. पुण्यात वारज्याला १९९७ पासून सिप्ला पॅलिएटिव्ह केअर सेंटर कॅन्सरच्या रुग्णांना आणि कुटुंबीयांना मोफत आधार देतं. मुंबईत शांती आवेदना सदन १९८६ पासून आहे. ज्यांना पैसे किंवा अंतर परवडतं त्यांचं कसंबसं निभतं. (त्या ब्यूरोच्या मावशीच्या घरी तिच्या सासूला कोण बघतं, हा वेगळ्या लेखाचा विषय.)

मग डोंगरात काय चालू शकेल?

जर्मनीत १९९५ पासून देखभाल विमा आहे. जुलै २०२५ पासून तिथे बदलीची देखभाल आणि अल्पमुदतीचा निवास यांसाठी वर्षाला एकत्र ३,५३९ युरोंपर्यंत रक्कम मिळते. जपानने २००० मध्ये असाच विमा आणला, त्यात अल्पमुदतीच्या मुक्कामाची सोय आहे. ही उदाहरणं ऐकायला बरी, पण विमा हप्ता पगारातून कापायला आधी पगार लागतो.

जवळचं उदाहरण केरळचं. तिथे शेजारपाजारच्या स्वयंसेवकांनी उभी केलेली पॅलिएटिव्ह सेवा ग्रामपंचायतींनी उचलून धरली आणि नर्स घरोघर जाऊ लागली. 'आश्वासकिरणम' योजनेत अंथरुणाला खिळलेल्यांची देखभाल करणाऱ्यांना महिना ६०० रुपये दिले जातात. रक्कम तुटपुंजी आहे, ती थकते अशा तक्रारीही आहेत. तरी पैसे सांभाळणाऱ्याच्या नावाने निघतात, हे महत्त्वाचं. महाराष्ट्रात संजय गांधी निराधार योजनेची मदत रुग्णाच्या किंवा दिव्यांगाच्या नावाने निघते. ती हवीच, पण बदली त्यातून उभी राहत नाही.

मणिबेलीसारख्या गावासाठी मला तरी एकच मार्ग व्यवहार्य दिसतो: पाड्यावरच्याच माणसाला बदलीची मजुरी देणं. याला कायद्यातला दाखलाही आहे. २००५ च्या रोजगार हमी कायद्यात अशी तरतूद होती की कामावर सहा वर्षांखालची पाच किंवा अधिक मुलं आली तर एका बाईला त्यांना सांभाळण्यासाठी नेमायचं आणि तिला मजुरीच द्यायची. सांभाळणं म्हणजे मजुरीचं काम, हे तत्त्व तिथे होतं. तेच तत्त्व बुडीत मजुरीला जोडा. आई बाळाला घेऊन १४ दिवस केंद्रात गेली तर तिच्या घरी बसणाऱ्या नणंदेला किंवा शेजारणीला १४ दिवसांची मजुरी. सिकलसेलच्या कळा सुरू झाल्या तर तेवढ्या दिवसांची. सासू अंथरुणाला असेल तर महिन्यातले ठरावीक दिवस. त्या शेजारणीला रुग्णाची कूस कशी बदलायची, जखमा कशा टाळायच्या, एवढं शिकवायला मोठी इमारत लागत नाही.

यात गैरव्यवहार होईल, नातेवाइकांची नावं घुसतील, ही शंका रास्त आहे. पण मजुरीच्या प्रत्येक योजनेत ती असते, आणि पाड्यावर कोण कुणाकडे खरंच बसलं होतं हे कागदापेक्षा गावाला जास्त ठाऊक असतं. ग्रामसभेला तपासू द्या.

सुरुवातीला खर्चही लागणार नाही अशी एक गोष्ट आहे. आशा कार्यकर्त्या तीस वर्षांवरच्या प्रत्येकाचा जो आरोग्य तपासणी अर्ज भरतात, त्यात साठीपुढच्यांसाठी एक प्रश्न आहे: खाणं, कपडे घालणं, आंघोळ, चालणं, शौच यांसाठी दुसऱ्याची मदत लागते का? उत्तर 'हो' असलं की अर्ज पुढच्या प्रश्नाकडे जातो. ती मदत कोण करतं, तिचं वय काय, ती शेवटची घराबाहेर कधी गेली होती, हे विचारायला तिथे रकाना नाही.